म्हशीचं गाणं

कमलअक्कांनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला, पण वरचा हात काही काढेनात.

“फोन भरी गया, भाऊ. पन मना गाना बठ्ठा यामाच शेतस!”

शिरपुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवून मला अठरा वर्षं झाली. फोन सोडायला न धजणारी गिऱ्हाइकं मी ओळखतो. अक्का घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीची, गाणी रेकॉर्ड करतात. रविवारी कानबाई बसणार, आणि फोन म्हणत होता जागा नाही. गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या जावेचं गाणंही त्यातच होतं. तेच पहिलं वाजवायचं, असं सगळ्या बायकांत ठरलेलं.

अक्का आधी ज्याच्याकडे गेल्या होत्या, त्या दुकानदाराने रिसेट मारायला सांगितलं होतं. रिसेट म्हणजे घर झाडायला बोलावलं तर घरच पाडायचं.

“अक्का, गाण्यांना हात लावणार नाही,” मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

स्टोरेज, म्हणजे फोनची कोठी, उघडली. निम्मी ग्रुपवरच्या व्हिडिओंनी भरलेली. ते उडवले. मग गॅलरीत शिरलो. म्हशीची शिंगं, दाराची कडी, अर्धी चप्पल, सगळं धूसर! चुकून निघालेले फोटो, दुसरं काय? माझी बोटं तबलजीसारखी चालली. नव्वद फोटो साफ.

“झालं! आता फक्त कचरापेटी रिकामी करतो.” पुसलेलं आधी तिथे पडतं आणि काही दिवस तिथेही जागा अडवतं.

अक्कांनी चष्मा सारखा केला.

“मनी म्हैस कोठे गयी?”

“तो फोटो? हललेला होता, म्हणून पुसला.”

“आते त्या म्हशीनं गानं कसं वळखू?”

माझं बोट पेटीवरच थांबलं. रेकॉर्डिंगची यादी उघडली: रेकॉर्डिंग एक, रेकॉर्डिंग दोन, अशी चौऱ्याऐंशी. नाव एकालाही नाही. मग अक्कांनी उलगडून सांगितलं. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. म्हणून गाण्याआधी त्या बाईच्या दारातल्या एखाद्या वस्तूचा फोटो काढायचा. फोटोची वेळ पाहायची, त्याच्या लगेच नंतरची रेकॉर्डिंग ती तिची. जावेच्या दारात म्हैस होती. मी कचरा समजून पुसली होती ती अनुक्रमणिका!

घाम पुसत पेटीतले सगळे फोटो परत आणले. अक्कांनी म्हशीची वेळ वाचली, यादीवर बोट फिरवलं आणि एका जागी टेकवलं. खरखरीत, ठसकेबाज आवाज दुकानात घुमला. अक्का ओठांतल्या ओठांत साथ करत होत्या.

गाणी आणि फोटो मेमरी कार्डावर उतरवले. अक्का म्हणाल्या, “आखो एक कार्ड भर. बियानं कोनी एकाच डबामा ठेवस का?”

हा बॅकअपचा नियम मी गिऱ्हाइकांना अठरा वर्षं सांगतोय. इतका सोपा कधी सांगता आला नाही.

निघताना त्यांनी माझ्या स्क्रूड्रायव्हरचा फोटो काढला, हललेलाच. मग फोन माझ्या तोंडापुढे धरला. “तुनी माय कोनतं गानं म्हने? म्हन.”

आठवल्या तेवढ्या दोन ओळी मी भसाड्या आवाजात म्हटल्या.

तेव्हापासून धूसर फोटो पुसण्याआधी मी विचारून घेतो. अक्कांच्या तशाच एका फोटोमागे माझी आई आहे.