पोळ्याच्या दिवशी मी ढवळ्याला मागे टाकलं

मी रोज पहाटे अमरावतीत आठ किलोमीटर धावतो, आणि ते निव्वळ भीतीपोटी. कुत्रं, साहेब, वर्गणी मागणारे, कोणीही मागे लागलं तर निदान सराव असावा! माझी बायको वनिता जिममध्ये वजनं उचलते. तिच्या मते धावणाऱ्या माणसाचा एक डोळा कायम दाराकडे असतो, आणि वजन उचलणारा जागचा हलत नाही. (यावर मी तिला हट्टी म्हणणार होतो. पण तेव्हा तिच्या हातात डंबेल होतं.)

यंदा पोळ्याला आम्ही तिच्या माहेरी, चांदूर बाजारजवळच्या गावी गेलो. मैदानात तोरणाखाली सजवलेले बैल ओळीनं उभे होते. सासऱ्यांनी अख्ख्या गावादेखत त्यांच्या ढवळ्या बैलाचा कासरा माझ्या हातात दिला.

"धरा जावईबापू. सुटू देऊ नका, माही इज्जत आहे गावात."

"मारत तं नाही ना?" मी विचारलं.

"तो? लेकरू आहे लेकरू."

लेकराची शिंगं माझ्या हाताएवढी होती. माझ्या तळव्यांना इतका घाम सुटला, की कासरा हातात टिकेना. बैल सुटला तर सासऱ्यांची मान खाली, आणि मला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. म्हणून मी गुपचूप कासऱ्याचं टोक कमरेला गुंडाळलं आणि दोन गाठी मारल्या. बैल सुटला तर सुटू द्यावा, पण दोर अंगाला बांधू नये, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मी पडलो शहरातला.

तोरण तुटलं, फटाके वाजले, पोळा फुटला. घरी पुरणपोळी वाट पाहते हे ढवळ्याला ठाऊक होतं. तो निघाला आणि अर्थातच मीही निघालो.

पहिली शंभर पावलं तो पुढे होता. मग मागून दुसऱ्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि आता आपण मेलो या विचारानं माझ्या पायांत असं काही शिरलं, की मी ढवळ्याला मागे टाकलं! हातातल्या घड्याळानं विक्रमाबद्दल अभिनंदन केलं. ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले.

"अबे, जावई बैलाले पयवून राहिला!"

"बैल जावयाले पयवून राहिला, काका," एका पोरानं दुरुस्ती केली.

घराच्या दारात वनिता ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

"वनिता, बाजूले हो! ढवळ्या बिथरला!" मी ओरडलो आणि दारावरून तसाच पुढे गेलो. थांबायचं कसं, हे मला त्या घटकेला आठवेना.

तिनं ताट आईच्या हाती दिलं, पदर खोचला, आम्हा दोघांमधला कासरा दोन्ही हातांनी पकडला आणि टाचा रोवून बसली. माझ्या कमरेला असा हिसका बसला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सासरे धापा टाकत आले. "काहून वो पोरी, बैल आवरून नाही राहिला का?"

"बैल तं कवाचा उभा आहे, बाबा," वनिता दात आवळून म्हणाली. "मी तुमच्या जावयालेच धरून राहिली."

मी मागे वळून पाहिलं. ढवळ्या दारात शांतपणे पुरणपोळी खात होता. आणि कासऱ्याच्या या टोकाला, जागच्या जागी, माझे पाय अजून पळतच होते.