पुढचं चाक

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. ज्याला सांगायला हवं होतं, त्याने एकदा तोंडावर विचारलं होतं — पण ते शेवटी येईल. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू द्या. शाळा पाचवीत सुटली माझी, सरळ लिहायची सवय नाही. आणि ही गोष्ट तर सरळ लिहवतच नाही.

मी दिंडोरीकडचा. मुंबईत आलो तो गावच्या एका माणसाच्या भरवशावर, आणि लालबागला उतरलो तर तो माणूस खोली सोडून कधीच गेलेला. पिशवी घेऊन एका सायकलच्या दुकानाशी उभा राहिलो. काय करावं सुचेना. तिथे विश्राम हवा भरत होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलायस का रे?" बस्स, एवढंच. घरी नेलं. मूळ मालवणकडची माणसं. त्याच्या आईने एक शब्द न विचारता ताट वाढलं. रात्री मी त्यांच्या खोलीबाहेर गॅलरीत पथारी टाकली, आणि पुढे लग्न होईपर्यंत तीच माझी जागा राहिली. दुकानमालकाकडे शब्दही त्यानेच टाकला. पंक्चर काढता काढता मी कारागीर झालो.

म्हणजे बघा — ताट त्याचं, छप्पर त्याचं, हातातला पानासुद्धा त्याच्यामुळे. अशा माणसाशी मी कसं वागायला हवं होतं?

विश्राम रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेला. गिरणीच्या ऑफिसात कारकून. त्याचे वडील त्याच गिरणीत पिंजण खात्यात होते, कापसाची धूळ छातीत गेली आणि खोकून खोकून गेले. घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. पण विश्रामला साधं पडसं झालं तरी त्याची आई हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायची. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आणि तो सायकल काय चालवायचा. मी दुकानात रोज सायकलवाले बघायचो, पण असा नाही. खांदे हलायचे नाहीत, मान हलायची नाही. पाय तेवढे फिरायचे, जसं काही त्याला कष्टच नाहीत. मी सायकली दुरुस्त करायचो, तो सायकल चालवायचा. फरक कळतोय ना?

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका हरताळाच्या दिवशी आम्ही दोघे लालबागहून गिरगावकडे निघालो. ट्राम नाही, लॉरी नाही, व्हिक्टोरिया नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. मी घाबरट माणूस, पोलिसाची काठी दिसली की गल्लीत शिरायचो. विश्राम मात्र ट्रामच्या दोन रुळांमधून हात सोडून चाललेला. म्हणाला, "असा रस्ता रोज मिळाला तर काय मजा रे."

मी म्हणालो, "आमच्याकडे रोज असतो."

उगाच बोललो. त्याच्याकडे नाही असं एक तरी माझ्याकडे असावं म्हणून बोललो. त्याने ते मनावर घेतलं. द्राक्षांच्या दिवसांत चार दिवस रजा टाकली, माझ्यासाठी मालकाकडून भाड्याची एक जड सायकल मागून घेतली — हेही त्यानेच — आणि नाशिकपर्यंत गाडीने सायकली नेऊन आम्ही पुढे गावाकडे निघालो.

तो रस्ता मला आजही डोळे मिटून सांगता येईल. मोटार नाही की काही नाही. एखादी बैलगाडी लागली तर तिची घुंगरं मागे पडल्यावरसुद्धा बराच वेळ ऐकू यायची. दोन्ही बाजूंना काळी माती, मग मळे, मांडवावर चढवलेले वेल, आणि त्यांच्या मागे डोंगर. काळे, पायऱ्या पायऱ्यांचे, वरून कापल्यासारखे सपाट. टायर मुरमावरून जातानाची करकर तेवढी. मी लहानपणी तिथे गुरं वळली होती, पण तो रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

बघितला, आणि लगेच गमावला. कारण विश्राम पुढे होता. सगळा वेळ पुढे. वळणावर थांबायचा, मी धापा टाकत पोचलो की हसायचा. मग डोंगराकडे हात करून म्हणाला, "हे सगळं एकेकाळी पेटलेलं होतं, माहितीये? जमिनीतून तापलेला रस बाहेर आला, थरावर थर बसला. त्या पायऱ्या दिसतात ना, तेच थर."

माहीत नव्हतं मला. तो धडा पाचवीनंतर असणार. माझ्या गावचा डोंगर, ज्याच्यावर माझ्या पायात काटे मोडले, त्याची गोष्ट मला लालबागच्या माणसाने सांगावी? त्याच्या बोलण्यात चढेलपणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं.

घरी पोचलो. माझा बाप दुसऱ्याच्या मळ्यात राखणीला होता. फार कमी बोलायचा. मी इतक्या दिवसांनी आलो, तर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. आणि विश्रामला? हात धरून मळ्यात नेलं. भोकरी द्राक्षांचा घड स्वतः कापून त्याच्या ओंजळीत ठेवला. वेल कसा छाटतात, मांडव कसा बांधतात, सगळं दाखवलं. विश्राम विचारायचा आणि बाप सांगायचा. माझ्या बापाला एवढे शब्द येतात हे मला त्या संध्याकाळी कळलं.

ओट्यावर चार माणसं जमली. मुंबईत काय चाललंय, गोळीबार कसा झाला, मुंबई आपल्याला मिळणार का — विश्राम बोलत होता, लोक ऐकत होते. मी त्याच मुंबईतून आलो होतो, पण मला कोणी विचारलं नाही. मग गोष्ट खिंडीवर आली. गावाच्या पुढे एक खिंड आहे, वणीच्या रस्त्याला. तिथे सायकलवाले सगळे उतरून चालतात. एक म्हातारा विश्रामला म्हणाला, "पाव्हणं, आमच्या खिंडीत भल्याभल्यांचं गुडघं बोलत्यात."

विश्राम म्हणाला, "बघू की. उद्या पाय न टेकता वर जातो."

आणि माझा बाप हसला. म्हणाला, "ह्यो जाईल." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आमचा काय, दुकानात पाने फिरवतो."

आता सांगतो.

आमची एक रीत होती. कुठेही निघायचं असलं की सकाळी मी दोन्ही सायकली बघायचो. तेल, हवा, ब्रेक, चेन. विश्राम आपल्या सायकलला पाना लावायचा नाही. एकदा मी म्हटलं, जरा शिकून घे. तर म्हणाला, "तू आहेस ना."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंगणात बसलो. सगळे उठलेले होते, आई चुलीपाशी होती, लपूनछपून काही नव्हतं. त्याच्या पुढच्या चाकाचा नट सैल केला. आत आसावर कोन असतो, त्याच्या आड लोखंडी छर्रे फिरतात. कोन जरा सैल हवा, तर चाक पाण्यासारखं फिरतं. मी तो आवळला. फार नाही. चाक अडेल इतका नाही — नुसतं धरून ठेवेल इतका. किती आवळायचा ते मला नेमकं माहीत होतं, कारण ते मला विश्रामनेच मिळवून दिलेल्या नोकरीत शिकायला मिळालं होतं. वरून नट लावला. फडक्याने पुसला.

लोक खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. बापही. आम्ही खालून निघालो. थोडं अंतर गेल्यावर विश्राम म्हणाला, "आज पाय जड वाटतात रे." मी पेडल मारत राहिलो. चढ लागला. त्याचे खांदे हलायला लागले. मी पहिल्यांदा त्याचे खांदे हलताना बघत होतो — आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटत होतं हे खरं आहे.

अर्ध्यावर त्याने पाय टेकला. तोंड लाल झालेलं. म्हणाला, "चाक बघ जरा. काहीतरी धरतंय."

इथे मी थांबू शकलो असतो, नाही का? पाना खिशात होता. मी उतरलो. त्याच्या सायकलचं पुढचं चाक उचललं आणि हाताने जोरात झटका देऊन फिरवलं. एवढ्या झटक्याने कसलंही चाक फिरतं. चार फेरे फिरलं. मी म्हणालो, "चाक बरोबर आहे. दम तुझा कमी पडतोय. छाती सांभाळ बाबा."

छाती.

तो शब्द माझ्या तोंडून चुकून निघाला असं म्हणता येईल. पण तसं नाही. त्याच्या घरातला तो एक शब्द, जो कोणी उच्चारत नव्हतं, तो मी निवडून काढला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने हात छातीवर ठेवला, आणि मग सायकल हाताने ढकलत चालू लागला.

मी भाड्याच्या जड सायकलवर चढून वर गेलो. तिथून पुढे पाय न टेकता. बाप माथ्यावर उभा होता. म्हणाला, "आलास?" त्या एका शब्दासाठी हे सगळं केलं होतं. आणि तो लगेच मला ओलांडून, विश्रामला आधार द्यायला खाली उतरत गेला.

कोन मी परत सैल केला नाही. केला असता तर त्याला फरक कळला असता. नाशिकपर्यंत तो तसाच आला, मधे मधे उतरत.

त्या दिवसांत आमच्या गल्लीतली पोरं सभांची पत्रकं घेऊन सायकलवरून फेरी काढायची. सगळ्यांत पुढे झेंडा लावून विश्राम असायचा. गावाहून परत आल्यावर पोरं बोलवायला आली, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "ह्याला घ्या पुढे. माझी छाती बापावर गेलीय." आणि सायकल मला दिली. विकत नव्हे — दिली. त्याची आई मला म्हणाली, "तू वांगडाक होतंस म्हणान बरा झाला, झिला. नायतर ह्यो थयच पडलो असतो." वांगडाक म्हणजे सोबत. मी सोबत होतो म्हणून तो वाचला, असं त्या माउलीला वाटत राहिलं. त्या दिवशीही तिने मला आधी वाढलं.

मी दुकानात ते चाक खोललं, छर्रे बदलले, कोन बरोबर लावला. मग पाण्यासारखं फिरलं. झेंडा लावून मी फेरीच्या पुढे राहिलो. राज्य झालं त्या दिवशी लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला, आणि विश्राम चाळीच्या दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तो पुन्हा सायकलवर बसला नाही. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचा. पोरांबरोबर धावायचा नाही, पोहायला जायचा नाही. गणपतीत ढोल कधी गळ्यात घेतला नाही. सगळं आयुष्य त्याने छाती हाताखाली धरून काढलं.

नोकरी संपल्यावर मुलाने त्याला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं, छातीचा फोटो काढला. तो फोटो घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही दोघेही तोपर्यंत म्हातारे. म्हणाला, "डॉक्टर हसला रे. म्हणे, काही नाही तुमच्या छातीत. कधीच काही नव्हतं." तोही हसत होता. मग हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "मग त्या दिवशी खिंडीत काय झालं होतं रे मला?"

खोलीत आम्ही दोघेच होतो. त्याला राग आला नसता. मला माहीत आहे, आला नसता.

मी म्हणालो, "ऊन होतं फार."

"हां," तो म्हणाला. "ऊन असेल."

ऊन नव्हतं. सकाळ होती, डोंगराची सावली पूर्ण रस्त्यावर पडली होती. विश्राम गेला त्यालाही आता वर्षं झाली. चाक मी आवळलं होतं.