चार वाजताचं हातांचं बोलणं

दुपारचे चार वाजत आले की तिसऱ्या मजल्यावरचे दत्ताराम तांबे धुतलेला सदरा घालायचे, उरलेसुरले केस पाण्याचा हात लावून बसवायचे आणि मोबाईलसमोर मांडी घालायचे. नव्या माणसाला वाटावं, म्हातारा लग्नाला निघाला. मोबाईल टेकवायला पोळपाट आणि पोळपाटाला टेकू डाळीच्या डब्याचा. मग त्या काचेत राजाराम यायचा. पुढचा अर्धा तास त्या दहा बाय बाराच्या खोलीत एक शब्द उमटायचा नाही आणि बडबड मात्र एवढी चालायची, की नळावरच्या बायकांनी लाजावं. सगळी बडबड हातांची.

दत्ताराम आणि राजाराम लालबागच्या गिरणीत साचेखात्यात शेजारी शेजारी उभे असायचे. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. असे शेकड्यांनी साचे एका छपराखाली धडाडायचे. तिथं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथले लोक हातांनी बोलायचे. दोन बोटं पिळली की धागा तुटला, मिशीवर बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे मुकादम, आला, दोन्ही तळहात डोक्यावर छपरासारखे धरले की घरी कसं काय. एवढ्यात सगळं भागायचं. तीस वर्षं त्या आवाजात काढली, त्याचं बक्षीस म्हणून दोघांचे कान गेले. गिरणी आधी गेली, कान मागाहून, एवढाच फरक.

पोरीनं दत्तारामांना कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते कानात शिट्ट्या मारायचं. "रस्त्यावरच्या पोरांसारखं करतंय," म्हणून त्यांनी ते डब्यात घालून ठेवलं.

राजाराम पूर्वी याच चाळीत, चार खोल्या सोडून राहायचा. आठ वर्षांपूर्वी तो मुलाकडे, अजितकडे, गावी कणकवलीच्या बाजूला गेला. गेला तेव्हा दत्ताराम महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. त्यांना बोलताच येत नव्हतं असं नाही. पण तोंडानं विचारलं की ते "बरंय" म्हणायचे, आणि पाय दुखत असले तरी "बरंय"च म्हणायचे. खरं काय ते हातावाटे बाहेर यायचं, आणि ते हात वाचणारा माणूस गावी गेला होता. शेवटी नम्रतानं, त्यांच्या मुलीनं, हा मोबाईल घेऊन दिला, व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकवलं, आणि म्हातारा परत बोलता झाला.

कॉल चालू असताना त्यांची बायको, बकुळाबाई, मागं भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायच्या. मोबाईलच्या काचेत त्यांच्या गुडघ्याचा तेवढा कोपरा दिसायचा.

यंदा दिवाळी झाली आणि शेजारच्या सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टॉवरचं काम निघालं. जुने डबे उतरवून नवे चढवायचे होते, जास्त वेगाचं नेट येणार होतं. सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप आला, तुमच्या भागातली सेवा सुधारण्याचं काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. नम्रतानं तो वडिलांना वाचायला दिला. ते म्हणाले, "गिरणीतही सुधारणा करतो म्हणाले होते. मग कुलूप लागलं."

सुधारणा सुरू झाली तशी नेटची अवकळा झाली. मोबाईलवर काड्या चारच्या चार उभ्या, आणि आत गोल फिरतंय ते फिरतंय. राजाराम यायचा तोही तुकड्या तुकड्यांनी. हात वर गेलेला दिसायचा, खाली आलेला दिसायचाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या हेमचंद्राकडे वायफाय होतं, पण गच्चीवरून सामान ओढताना टॉवरवाल्यांच्या माणसांनी त्याचीच वायर तोडली. गावाला डोंगरावरच्या टॉवरचं नेट झकास धावत होतं आणि इथं मुंबईत दत्ताराम हवेत बोटं पिळत बसायचे.

त्यातच राजारामचं मानेचं दुखणं निघालं. मानेतली शीर दबली होती, उजव्या हातातून पेला सुटायला लागला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं. हात परत येईल का, तर येईल, नाहीही येईल, असं डॉक्टर म्हणाले. बुधवारी पाच वाजता गाडी गावातून निघणार होती.

अजितनं हे बकुळाबाईंच्या बटणांच्या फोनवर सांगितलं. त्यांनी ते दत्तारामांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं. म्हाताऱ्यानं बोटांवर वार मोजले. मग म्हणाला, "म्हणजे बुधवार शेवटचा."

"शेवटचा कशाला? ऑपरेशन आहे, काही…"

"हात बोलायचा शेवटचा, म्हणतो मी."

सोमवारी बकुळाबाई टॉवरच्या बिल्डिंगखाली जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पिवळी टोपी घातलेला हेरंब नावाचा इंजिनीयर चहा पीत होता.

"बाळा, नेट कधी येणार?"

"काकी, वरचे डबे बसलेत, खालून केबल यायचीय. आठ-दहा दिवस धरा. पण फोन लागतोय ना तुमचा?"

"फोन लागतो रे. पण माझा नवरा बहिरा आहे. त्याला फोन लागून काय करायचं?"

पोरगा चहाचा घोट तसाच तोंडात ठेवून बघत राहिला. कंपनीच्या कागदावर असा रकाना नसणार. "मी वर सांगतो," म्हणाला. वर म्हणजे कुठं, गच्चीवर की त्याच्याही वर, ते बकुळाबाईंनी विचारलं नाही.

मंगळवारी चार वाजता दत्तारामांनी कॉल लावला. राजारामचं कपाळ आणि एक डोळा आला आणि गेला. परत लावला. परत गेला. आता साचेखात्याचा एक रिवाज असा, की पाळी सुटली तरी बदलीच्या माणसाचा हात साच्यावर पडेपर्यंत आपला हात काढायचा नाही. चालता साचा टाकून जाणारा माणूस तिथं हलका समजायचे. समोरच्यानं जा म्हटल्याशिवाय मोबाईल बाजूला ठेवायचा, हे दत्तारामांना जमणारच नव्हतं. ते लावत राहिले. आणि काय व्हायचं, तर तिकडचा नंबर दुसऱ्या कॉलवर आहे असं यायचं.

"कोणाशी बोलतोय हा?" ते चिडले. "मला बोलायचंय आणि हा दुसऱ्याशी बोलतोय!"

सहा वाजेपर्यंत असं चाललं. सदरा घामानं भिजला. बकुळाबाईंनी चहा पुढं केला तो तसाच गार झाला.

बुधवारी ते साडेतीनलाच काठी घेऊन निघाले. गुडघे धरत तीन जिने उतरले आणि चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत गेले. तिकडं दुसरा टॉवर लागतो असं हेमचंद्रानं सांगितलं होतं. बकुळाबाई मागोमाग. तिथं नेट आलं खरं, पण पुन्हा तेच, राजारामचा नंबर दुसऱ्या कॉलवर. त्यात उन्हानं काच नुसती आरशासारखी झालेली. दत्तारामांना तीत स्वतःचंच तोंड दिसत होतं आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. पुलावरची माणसं धक्के देत होती. एक बाई म्हणालीसुद्धा, "काका, सेल्फी घरी काढा ना."

तेवढ्यात बकुळाबाईंच्या कमरेचा बटणांचा फोन वाजला. अजित होता.

"जयभीम काकी. काका कोणाशी बोलतायत एवढं? बाबा कालपासून लावतायत, सारखे बिझी."

बकुळाबाई पुलाच्या कठड्याला टेकल्या. मग त्यांना हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्याला पदरही लावावा लागला.

"अरे, ते एकमेकांशीच बिझी आहेत! हा त्याला लावतोय, तो ह्याला लावतोय. दोघांनी साचा सोडला नाही अजून. बाबांना म्हणावं, हात खाली ठेवा. इथं उन्हानं ह्यांना काच दिसत नाही, आम्ही घरी पोचतो, मग तू माझ्याच फोनवर कर."

घरी यायला पावणेपाच झाले. दत्तारामांना जिने चढून दम लागला होता. मोबाईल पोळपाटाला लावून बघितला, तर गोल फिरत होतं. गाडी पंधरा मिनिटांत सुटणार होती.

बकुळाबाईंनी आपला फोन स्पीकरवर केला आणि स्टीलच्या वाटीत ठेवला, म्हणजे आवाज घुमतो.

अजित म्हणाला, "काकी, मी बाबांना लिहून दाखवू का? काका काय म्हणतात ते सांगा."

"लिहून दाखवशील तर तुझे बाबा मान हलवतील आणि बरंय म्हणतील. तू असं कर, त्यांच्यासमोर बस. ते हात कसे करतात ते मला सांग. अर्थबिर्थ नको सांगू, नुसतं हात कुठं गेला ते सांग."

"हात?"

"अरे सांग ना, लाजतोस काय! गाडीवाल्याला बघू दे बघायचं तर."

 अजित म्हणाला, "डावा हात… डोक्यावर, असा तिरका. उजवा वर येत नाहीये."

बकुळाबाई नवऱ्यासमोर सरकून बसल्या आणि त्यांनी डावा हात डोक्यावर तिरका धरला. अर्ध्याच छपराचं घर.

दत्ताराम बघत राहिले. आधी त्यांना कळेचना, बायको काय करतेय. मग त्यांनी तो हात ओळखला. तो बकुळेचा नव्हताच. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, छप्पर झाले.

"घरी सगळं ठीक, म्हणतायत," बकुळाबाई वाटीत वाकून म्हणाल्या. "तू दोन्ही हात डोक्यावर धर, बाबांना दाखव. पंजे मिटू नको."

अजितनं धरले असावेत, कारण तिकडून कोणीतरी खोकत हसल्याचा आवाज आला. "बाबा म्हणतात, काकाला म्हणावं पंजा जरा सरळ धर. चुकलो वाटतं मी."

"चुकशीलच. पुढं सांग."

"आता दोन बोटं पिळतायत. परत पिळली. परत. थांबतच नाहीयेत काकी, नुसती पिळतायत."

बकुळाबाईंनी बोटं पिळली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग त्यांना पुढं पिळवेना.

साचेखात्यात भीती म्हणायला हाताची काही खूण नव्हती. तिथं भ्यायला फुरसत कोणाला होती? एक धागा तुटला तर माणूस स्वतः जोडायचा, पण सगळे एकदम तुटायला लागले की शेजारच्याकडे बघून अशी बोटं पिळत राहायचा. राजारामनं असलेल्या खुणांतून भागवलं होतं.

दत्तारामांनी ते चटकन घेतलं. त्यांनी एक तळहात बकुळेकडे करून बाहेर लोटला, मग छातीवर मूठ ठेवली, आणि मग दोन्ही हात दोन बाजूंना पसरून जमिनीला समांतर धरून ठेवले.

बकुळाबाई वाटीत बोलल्या, पण आता हात कुठं गेला ते त्यांनी सांगितलं नाही. "बाबांना म्हणावं, तू जा. मी आहे. दोन्ही साचे मी बघतो." मग भानावर येऊन त्यांनी अजितला हात कसे करायचे ते एकेक करून सांगितलं, आणि बजावलं, "शेवटचे धरून ठेव. लगेच खाली घेऊ नको. ते बघतील तोवर धर."

तिकडं गाडीचा हॉर्न वाजला. अजित म्हणाला, "बाबांनी डावा हात… माझ्या हातावर ठेवला काकी. हाताखालून मला हात काढायला सांगतायत."

बकुळाबाईंनी बदलीच्या माणसासारखा आपला डावा हात नवऱ्याच्या पसरलेल्या हातावर ठेवला आणि हलकेच तो खाली आणला. दत्तारामांनी हात सोडले. सुटका झाल्यासारखा एक मोठा श्वास टाकला. फोन बंद झाला.

मग म्हातारा बायकोकडे असं बघायला लागला, जणू चाळीस वर्षांनी कोणी घरात शिरलंय.

"तुला सगळं कळतं?" ते मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो, निम्म्या चाळीनं ऐकलं.

"गॅलरीत दोघं उभे राहून बोलायचात तेव्हापासून बघतेय. नंतर काचेत. मी तांदूळ डोळे मिटून निवडते होय?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"मला कोणी विचारलंच नाही," बकुळाबाई म्हणाल्या. त्यात रुसवा नव्हता, जे होतं ते सांगितलं. दत्तारामांना बाकी ते जरा लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी राजारामला हातानं काय काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवत असावं. कान लाल झाले. कान गेले तरी लाल व्हायचे राहिले नव्हते.

ऑपरेशन झालं. रविवारी केबल आली का हेरंबनं वर सांगितलं ते कोण जाणे, पण सोमवारी नेट असं आलं की गोल फिरायला सवडच मिळेना. चाळीतली पोरं गॅलरीभर नाचली.

चार वाजता कॉल आला. काच पाण्यासारखी लख्ख. हॉस्पिटलच्या खाटेवर राजाराम, गळ्याला पट्टा, उजवा हात चादरीवर उताणा पडलेला. बोटं हलतात का, ते अजून कळायचं होतं, डॉक्टर सहा आठवडे म्हणत होते. डावा हात सलाईनच्या सुईनं बांधलेला. बोलायला राजारामकडं नुसते डोळे होते, ते इकडून तिकडं फिरत होते.

दत्ताराम हात वर करता करता थांबले. मागं वळले. बकुळाबाई भिंतीशी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या.

"तिथं काय बसलीस?" ते म्हणाले आणि स्वतः बूड सरकवून चटईवर जागा केली. "इथं ये. त्याला दिसू दे."

बकुळाबाईंनी सूप ठेवलं, हाताला लागलेला कोंडा पदराला पुसला आणि येऊन बसल्या. काचेत आपलं पूर्ण तोंड बघून त्यांना नव्या नवरीसारखं झालं. काय विचारावं ते सुचेना. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात उचलले आणि डोक्यावर धरले, पंजे सरळ, जसे धरायला हवेत तसे.

राजाराम खाटेवरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचं तोंड हसायला लागलं, आणि त्यानं डोळ्यांनीच दत्तारामला खुणावलं, ही केव्हा लागली कामाला?