तुळईवरची काच

मैंदर्गीच्या धुळाप्पा गवंड्यात एकच खोड होती. त्याच्या चुन्याला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. एकदा जावयानं ओट्याची भेग दाखवली, तर हा गडी भरल्या ताटावरून उठला. असा ताठा! पण हाताला यश होतं, म्हणून गाव सोसायचं.

गावाबाहेरच्या जुन्या महादेवाच्या देवळात मंडपाची एक दगडी तुळई तडकली, तेव्हा सोलापूरहून सना मॅडम आल्या. जुन्या देवळांची दुखणी तपासणं हेच त्यांचं काम. त्यांनी धुळाप्पाकडून भेग चुन्यानं भरून घेतली आणि तिच्यावर बोटभर रुंदीची पातळ काच आडवी, दोन्ही टोकांना घट्ट चिकटवली.

"मामा, दगड केसभर हलला तरी ही काच तडकणार. दर सोमवारी बघायचं, वहीत लिहायचं. तडकली की त्याच दिवशी मला फोन आणि मंडपाला कुलूप."

"तडकंल कशी? चुना मी भरलाय की," धुळाप्पा म्हणाला.

त्या तुळईखालीच त्याची थोरली बहीण दानम्मा रोज वाती वळत बसायची. आई लवकर गेली, तेव्हा धुळाप्पाला तिनंच वाढवलं होतं.

चौथ्या सोमवारी काच तडकलेली दिसली.  धुळाप्पानं खिशातून फोन काढलासुद्धा. पण कुलूप लागलं की गाव काय म्हणणार? धुळाप्पाचा चुना सुटला! छे, काचच हलकी असणार. त्यानं घरातल्या जुन्या तसबिरीची काच कापली, त्याच जागी चिकटवली आणि वहीत लिहिलं, 'काच शाबूत.' अरे बाबा, ती काच घसा फोडून सांगत होती! ऐकायचंच नाही म्हटल्यावर महादेव तरी काय करणार?

पुढं आणखी दोनदा तडकली, दोनदा बदलली. तिसऱ्या वेळी दानम्मानं विचारलं, "का रं, सारखी काच का बदलतूयास?"

"हलकी हाय, अक्का."

"मग मी जरा तिकडं सरकून बसू?"

"कशाला? मी हाय न्हवं!"

ती तिथंच बसली.

बुधवारी भर दुपारी तुळई खाली आली. धुरळा बसेपर्यंत दानम्मा संपली होती. धुळाप्पानं हातांनी दगड ओढले, नखं निघाली, तरी तिचा नुसता पदर हाती लागला. शेवटी जेसीबी आणावा लागला. पण धुळाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते त्यानंतर, तुळईचे तुकडे बघून. त्यानं भरलेला चुना दगडाला तसाच धरून होता. दगड शेजारून फुटला होता.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सना मॅडम आल्या. पडक्या मंडपासमोर त्यांनी वही चाळली आणि त्यांना रडू फुटलं.

"मामा, दर सोमवारी काच शाबूत आहे. म्हणजे काच लावण्यातच माझं चुकलं. अक्कांचा जीव माझ्यामुळं गेला. वरती तसंच लिहून देते."

भोवती गाव उभं होतं. कुणाला काही ठाऊक नव्हतं. धुळाप्पा गप्प राहिला असता तर कुणी विचारलंही नसतं.

"मॅडम, तसं लिवू नका," तो म्हणाला. "काच तीनदा तडकली. तिन्ही वेळा मी बदलली."

 सना मॅडमनी वही आणि पेन त्याच्यापुढं धरलं.

बोटांना चिंध्या बांधलेल्या, पेन धरवत नव्हतं. तरी त्यानं तीन सोमवारचं 'काच शाबूत' खोडून 'तडकली' लिहिलं. शेवटच्या ओळीखाली आणखी लिहिलं, 'बहीण सरकते म्हणाली. मी सरकू दिलं नाही.'