होडीची खूण

मतदान यंत्राचं बटण दाबताना मला करी रोडच्या चाळीतले, गिरणीत माग चालवणारे साचेवाले काका आठवतात. गिरणीच्या संपात, संप चालू ठेवायचा की कामावर जायचं, याचं चाळीतलं गुप्त मतदान तेच घेत. चिठ्ठीवर मत लिहून शेजारी प्रत्येकाने फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली खूण काढायची. मोजणीनंतर चिठ्ठ्या गॅलरीत दोरीवर लावल्या जात. कानावर विडी खोचून काका म्हणत, "आपली खूण बघायची नि गप घरी जायचं."

एकदा 'कामावर जाऊ' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर होडी निघाली.

"कुणाची रे ही?" एक दांडगा संपवाला ओरडला. सगळे चाळीतल्या एकुलत्या एक कोळ्याकडे बघू लागले.

"माझी," काका म्हणाले. "मारतोस? मार."

काका स्वतः कट्टर संपवाले होते.

पुढच्या मतदानाला दोरीवर सगळ्या होड्याच होत्या. कुणाचं शीड वाकडं, कुणाला एकच वल्हं; ज्याची त्याला बरोबर ओळखता येत होती.