दांडीची सायकल

सेमिनरी हिल्सवरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि पायथ्याच्या दुकानात मी स्वतःची पहिली सायकल घ्यायला गेले. दुकानदाराने बुटकी, लाल लेडीज सायकल पुढे केली. माझी नजर उंच, काळ्या, दांडीच्या सायकलवर होती. मागायचा धीर होत नव्हता.

शेजारी नऊवारीतली एक बाई स्वतःच्या दांडीच्या सायकलीत हवा भरत होती. तिने माझी नजर ओळखली. ती काळी सायकल उचलून तिने जमिनीवर आपटली आणि कान देऊन ऐकलं.

“काहीच खुळखुळत नाही. दांडीले काहून भेते वं? चढावर नेऊन पाह्य. दुकान मी सांभाळते.”

मी सायकल पळवीन या धास्तीने दुकानदार कॅरियर धरून मागे धावला. अर्ध्या चढावर त्याचा हात सुटला. माझे पाय थांबले नाहीत. वर पोचून मी अशी घंटी वाजवली की झाडावरचे पोपट उडाले.

खाली आले तर ती बाई दुकानदाराच्या स्टुलावर बसलेली, आणि समोर लाल सायकल न्याहाळणारी एक मुलगी.

“हे आली पाह्य. हिलेच इचार,” ती मुलीला म्हणाली.

मी कपाळावरचा घाम पुसला आणि त्या मुलीला म्हणाले,

“दांडीले काहून भेते वं?”