डॉक आणि कॅलची राहिलेली मॅच

डॉक बास्केटबॉलच्या मॅचमध्ये चेंडूकडे कधीच बघत नसत. बाकाच्या टोकाला हात मांडीखाली दाबून बसलेले असत आणि नजर खेळाडूंच्या पायांवर. चेंडू बास्केटमध्ये पडला की सगळं स्टेडियम उठून उभं राही. डॉक मात्र उडी मारलेला माणूस खाली कसा उतरतोय तेवढंच बघत. ‘वर सगळेच झकास जातात,’ ते म्हणत. ‘माझं काम खाली येताना सुरू होतं.’

ते मूळचे दादरचे. हाडांचे डॉक्टर. मेलबर्नमध्ये डँडेनॉन्गला त्यांचं क्लिनिक होतं आणि एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबचे ते टीम डॉक्टर होते. मी पुण्याहून फिजिओथेरपी शिकून इथे आले, तेव्हा मला पहिली नोकरी त्यांनीच दिली. दारावरच्या पाटीवरचं त्यांचं आडनाव आमच्या रिसेप्शनिस्टलासुद्धा धड उच्चारता येत नसे. त्यामुळे सगळे डॉक म्हणत, आणि मीही डॉकच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टोकलं होतं. मी एका खेळाडूला विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, ‘नो वरीज, ऑल गुड.’ तो गेल्यावर डॉक म्हणाले, ‘अगं, दुखतंय का असं विचारू नये. ज्याला खेळायचंय तो नाहीच म्हणणार. काय करताना दुखतं, ते विचार. मग तो विचार करायला लागतो, आणि विचार करताना माणूस पटकन खोटं बोलत नाही.’ मी अजून तसंच विचारते.

खेळाडूंच्या घोट्याला टेप बांधताना ते मराठीत बोलत. ‘हलू नकोस रे बाबा. झालं, झालं.’ समोरचा सव्वासहा फुटी गडी मुकाट्याने पाय धरून बसे. कॅल नावाचा आमचा कॅप्टन तर ‘झालं?’ असं विचारायलाही शिकला होता. टेप संपायच्या आतच विचारायचा, आणि डॉक म्हणायचे, ‘नाही झालं. बस.’

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हाच ते थकलेले होते. सारखी विमानं, आज पर्थ, परवा केर्न्स, दिवसभर क्लिनिक आणि संध्याकाळी मॅच. त्यांचा उजवा खुबा झिजला होता. खुर्चीतून उठताना ते आधी टेबलाला हात लावत, थोडं थांबत, मग उठत. दुसऱ्यांचे खुबे बदलणारा हा माणूस स्वतःचं ऑपरेशन मात्र सीझन संपल्यावर करू म्हणे. सीझन संपला की पुढच्या सीझनच्या तपासण्या सुरू होत. एकदा एअरपोर्टवर बॅगेची वाट बघत असताना म्हणाले, ‘मला आता फक्त एक करायचंय. एका जागी बसून गरम वरणभात खायचाय आणि कुणाचा गुडघा बघायचा नाहीये.’

एका वर्षी लीगने ऑल-स्टार मॅच भरवली. सगळ्या क्लबांतले लोकांचे लाडके खेळाडू, दोन टीम करून, नुसते मजेसाठी खेळणार. अशा मॅचमध्ये कुणी कुणाला अडवत नाही. उंच उड्या, मागे न बघता दिलेले पास, मोठमोठ्याने गाणी आणि पोरांचा गोंगाट. डॉकना असली मॅच पटत नसे. ‘ही वरात आहे,’ ते म्हणाले. ‘नाचायचं, कुठे पोचायचं नाही. आणि वरातीतच माणसं पाय मुरगाळून घेतात.’ तरी त्या दिवशी कोर्टवर डॉक्टर म्हणून त्यांनाच बोलावलं होतं, आणि फिजिओ म्हणून मी बरोबर होते.

कॅलला लोकांनी भरभरून मतं देऊन निवडलं होतं. तो निवृत्त होणार होता. पायांत आणखी एक सीझन उरला नव्हता, म्हणून हीच त्याची शेवटची मॅच असं त्याने जाहीर केलं होतं. त्याची आई टाउन्सव्हिलहून मुद्दाम आली होती. सकाळच्या सरावात तो हसत, हात हलवत फिरत होता. डॉक माझ्या शेजारी उभे होते. एकदम म्हणाले, ‘डावी पोटरी बघ.’

त्यांनी कॅलला आत बोलावून टेबलावर झोपवलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती, आणि हाताला गरम लागत होती. घोटा दुखावल्यामुळे मधले काही दिवस तो पाय हलू न देणाऱ्या आधाराच्या बुटात बांधलेला होता, आणि आदल्याच दिवशी तो पर्थहून विमानाने आला होता.

‘स्नायू ओढला गेलाय, डॉक. टेप लाव,’ कॅल म्हणाला.

‘स्नायूच असेल,’ डॉक म्हणाले. ‘पण इतके दिवस पाय बांधलेला, वर लांबचं विमान; रक्ताची गुठळीही असू शकते. गुठळी असेल आणि ती सुटून फुप्फुसात गेली, तर मी तुला उठवू शकणार नाही. हॉस्पिटलमध्ये जा, स्कॅन करून घे. तोवर खेळायचं नाही.’

मॅच दुपारची होती. त्यात रविवार, त्यामुळे स्कॅन वेळेत होणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. आयोजकांपैकी एक जण धावत आला. ‘अरे मित्रा, ही नुसती एक्झिबिशन मॅच आहे. त्याने नुसते दोन-चार शॉट मारले तरी चालेल. लोक त्याच्यासाठी आलेत.’

डॉक त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, ‘नो.’ त्याने पुन्हा विचारलं, डॉकनी पुन्हा तेच सांगितलं.  कॅलने बूट काढले आणि ते हातात धरून बसून राहिला.

डॉकना कोर्ट सोडता येत नव्हतं. कॅलला आणि त्याच्या आईला घेऊन मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात गेले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही नंबरची वाट बघत होतो, आणि तिकडे मॅच सुरू झाली. आईने फोनवर लावली होती. कॅल म्हणाला, ‘मम, टर्न इट ऑफ.’ तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला.

स्कॅन झाला तेव्हा मॅच संपून गेली होती. गुठळी नव्हती. स्नायूच ओढला गेला होता.

थोड्या वेळाने डॉक लंगडत आले. मी रिपोर्ट सांगितला. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला आणि म्हणाले, ‘बरं झालं.’

‘यू हॅपी, डॉक?’ कॅलने विचारलं.

‘हो,’ डॉक म्हणाले. ‘खूप.’

कॅल उठला आणि आईला घेऊन निघून गेला.

पुढचे काही आठवडे लोकांनी इंटरनेटवर डॉकना भरपूर शिव्या घातल्या. म्हाताऱ्याने कॅलचा शेवटचा दिवस खाल्ला, असं लिहिलं. मी चिडले की डॉक म्हणत, ‘निकाल लागल्यावर उत्तर सांगणं सोपं असतं.’ सीझन संपल्यावर क्लबने दुसरा डॉक्टर नेमला. डॉकनी क्लिनिक विकलं, एकदाचा खुबा बदलून घेतला आणि सिडनीला, केलीव्हिलमध्ये मुलीकडे राहायला गेले. निरोपाच्या चहाला जुने-नवे बरेच खेळाडू आले होते. डॉक अधूनमधून दाराकडे बघत होते. कॅल आला नाही.

मागच्या महिन्यात मला कॅलचा फोन आला. तो आता क्रेगीबर्नला शाळकरी मुलींच्या टीमचा कोच आहे. टीममधली सगळ्यात चांगली खेळणारी मुलगी डोक्यावर आपटली होती. आता ठीक आहे म्हणत होती, शनिवारी फायनल होती, आणि डॉक्टरांची परवानगी मिळाल्याशिवाय खेळवणार नाही असं त्याने सांगून टाकलं होतं. मुलीचे आईवडील भांडले होते. बाकीच्या मुली बोलत नव्हत्या.

‘त्याला हे कसं जमायचं?’ कॅलने विचारलं. डॉकचं नाव त्याने घेतलं नाही.

मी त्याच दिवशी केलीव्हिलला फोन लावला आणि डॉकना सगळं सांगितलं.  त्यांनी आधी विचारलं, ‘मुलगी कशी आहे?’

‘बरी आहे. डोकं दुखायचं थांबलंय.’

‘मग बरोबर केलं त्याने,’ ते म्हणाले. मागे नातवंडांचा आवाज येत होता. ‘त्याला एक सांग. शनिवारी तिला घरी बसवू नकोस म्हणावं. टीमचा शर्ट घालून आपल्या शेजारी बाकावर बसव, आणि मॅच सुरू व्हायच्या आधी तिचं नाव पुकारायला लाव. कॅलला मी नुसतंच हॉस्पिटलमध्ये पाठवलं गं. त्याला आधी दोन मिनिटं कोर्टवर उभं केलं असतं तर चाललं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ते मला सुचलंच नाही.’